वाळवंटाचा देखावा: टॅक्सीडर्मी माउंटचा बेस आणि डायोरामा यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हा असो, ओरिक्स असो, रानमांजर असो की सरडा, माउंट (म्हणजे फॉर्मवर खरी कातडी चढवून उभा केलेला प्राणी) तयार झाला आणि त्याला वाळवंटाच्या देखाव्यात, म्हणजे डायोरामात, उभं करायची वेळ आली की शिकणारी मंडळी जे प्रश्न पाठवतात ते बहुतेक हेच असतात. साधे आधी घेतले आहेत, अडचणीचे मागे ठेवले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वाळवंट म्हणजे वाळू पसरली की झालं ना? त्यात एवढं काय करायचं असतं?

जगातल्या वाळवंटांचा जेमतेम पाचवा भाग वाळूखाली आहे. बाकी सगळं उघडे खडक, गोट्यांनी भरलेली सपाटी, कोरड्या तळ्यांचे तळ, वाहून आलेल्या गाळाचे पट्टे. तुमचा प्राणी यांपैकी कशावर वावरतो हे आधी बघा. डोंगरी बकरा वाळूच्या टेकडीवर उभा केला तर जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच अडखळते.

दुसरी गोष्ट, वाळवंट रिकामं नसतं. तिथली जमीन दोघांनी घडवलेली असते: वारा रोज थोडं थोडं काम करतो, पाणी वर्षातून एखाददोनदा येतं आणि तासाभरात सगळं उलथून जातं. तुम्ही बेसवर ठेवलेला प्रत्येक खडा आणि प्रत्येक काडी या दोघांपैकी कुणीतरी तिथे आणलेली असली पाहिजे. ‘हा दगड इथे का?’ याला ‘जागा मोकळी दिसत होती’ असं उत्तर येत असेल तर तो दगड उचला.

२. आधी माउंट करू की आधी बेस?

दोन्ही कागदावर एकत्र ठरतात. कुठलं वाळवंट, कुठला ऋतू, दिवसाची कुठली वेळ आणि वारा कुठून, या चार गोष्टी लिहून काढल्याशिवाय फॉर्मला, म्हणजे कातडीच्या आतल्या सांगाड्याला, हात लावू नका. उतारावर उभ्या प्राण्याचे खांदे आणि कंबर सपाटीवरच्यासारखे नसतात. फॉर्म सपाट जमिनीसाठी बांधला आणि मागाहून बेसला उतार दिला, तर प्राणी पडता पडता थांबल्यासारखा दिसतो आणि तो दोष कितीही वाळूने झाकत नाही.

वाऱ्यासाठी माझी एक सवय आहे. प्लायवूड कापून झालं की त्यावर खडूने एक ठळक बाण काढायचा आणि काम संपेपर्यंत बेसच्या कडेवर तो बाण राहू द्यायचा. लहरी, झुडपांचा कल, दगडांमागे साठलेली वाळू, इतकंच काय तर प्राण्याच्या पाठीवरचे केस, सगळं त्या बाणाचं ऐकतं. माझ्या पहिल्या मोठ्या बेसवर लहरी एका दिशेने होत्या आणि झुडपामागची वाळू दुसऱ्याच बाजूला साठलेली होती. वाळूच्या प्रदेशात आयुष्य काढलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, ‘वारा कुठून येतोय?’ मला उत्तर देता आलं नाही. तो बेस मी पुन्हा केला.

३. निवडुंग कुठल्याही वाळवंटात चालतो ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच आहे. कॅक्टस कुळातल्या वाळवंटी वनस्पती मूळच्या अमेरिका खंडांतल्या. हात वर केल्यासारखा दिसणारा उंच सग्वारो तर फक्त सोनोरन वाळवंटात वाढतो. सहारातल्या अॅडॅक्स हरणाशेजारी किंवा गोबीतल्या उंटाशेजारी तो आला की देखावा कोसळला.

आपल्या भाषेमुळे इथे गोंधळ वाढतो, कारण आपण दोन वेगळ्या कुळांना एकच नाव देतो. फड्या निवडुंग हा खरा कॅक्टस, अमेरिकेतून आलेला आणि पुढे आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलियात माजलेला. त्रिधारी निवडुंग मात्र युफोर्बिया कुळातला, म्हणजे शेराचा भाऊबंद, आणि तोडला की पांढरा चीक येतो. आफ्रिकेतल्या कोरड्या भागात कॅक्टससारखे दिसणारे जे उंच झाड-निवडुंग असतात तेही युफोर्बियाच. बारकाईने बघणाऱ्याला काट्यांवरून फरक कळतो: कॅक्टसचे काटे लवदार गादीसारख्या एकेका ठिपक्यातून झुपक्याने निघतात, या युफोर्बियांचे बहुधा जोडीजोडीने.

कुठे काय लावायचं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. थरमध्ये खेजडी आणि फोग, मध्य आशियात साक्सौल, अमेरिकेतल्या मोहावेत जोशुआचं झाड, आफ्रिकेतल्या नामिबमध्ये आयुष्यभर दोनच पानं वाढवत राहणारी वेल्विचिया, सहाराच्या कडेला बाभळीच्या जातभाई. फड्या निवडुंग आफ्रिकेतल्या किंवा आशियातल्या देखाव्यात आणायचाच असेल तर तो आजच्या काळातला आणि माणसाच्या वस्तीजवळचा देखावा असला पाहिजे.

४. कुठली वाळू वापरू? समुद्रकिनाऱ्यावरची चालेल का?

किनाऱ्यावरच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, तो दिव्याखाली चमकून घात करतो. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात मीठ असतं. मीठ हवेतली ओल ओढतं, आतल्या तारा आणि सळया गंजवतं आणि कालांतराने वाळूवर पांढरा फुलोरा येतो. दुसरी सोय नसेलच तर गोड्या पाण्याने निदान पाच-सहा वेळा धुवा आणि शेवटचं पाणी काळ्या ताटलीत वाळवून बघा. ताटलीवर पांढरा डाग उरला तर अजून धुवायला हवी.

बांधकामाची नदीची वाळू जाडीभरडी आणि कोनेरी असते. कोरड्या ओढ्याच्या पात्रासाठी ती उत्तम, टेकडीसाठी नाही. वाऱ्याने वाहून आणलेली वाळू बारीक, जवळजवळ एकसारख्या आकाराची आणि घासून गोलसर झालेली असते, दाणा साधारण पाव मिलिमीटरचा. म्हणून बारीक चाळणीतून चाळा, वर उरलेलंही टाकू नका आणि खाली पडलेली पूडही वेगळी ठेवा. तिन्ही लागणार आहेत.

रंगाच्या बाबतीत पुस्तकी ‘वाळूरंग’ विसरा. नामिबमधल्या टेकड्या लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस-नारिंगी आहेत, तर न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्समध्ये वाळू जिप्समची आहे, पिठासारखी पांढरी. निवडलेल्या जागेचे भरपूर फोटो समोर ठेवा आणि वाळू दोन-तीन छटांत मिसळा. एकाच छटेची वाळू गालिच्यासारखी दिसते.

५. बेसचं वजन फार होतंय. हलका कसा करू?

कोरड्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण १,६०० किलो. म्हणजे एक चौरस मीटर बेसवर एक सेंटिमीटरचा थर दिला की १६ किलो झालेच. म्हणून वाळूने आकार द्यायचा नाही, वाळू ही फक्त कातडी. खाली प्लायवूड, त्यावर थर्माकोल किंवा पीयू फोमचे तुकडे चढउतारानुसार कापून चिकटवायचे, वर जाळी आणि पीओपीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या किंवा कागदाचा लगदा. हे कवच पूर्ण वाळलं की वाळूच्या रंगाचा मॅट रंग द्या, म्हणजे उद्या कुठे दाणे झडले तरी पांढरं डोकावणार नाही. मग तीन ते पाच मिलिमीटर वाळू पुरते.

पाय जिथे येणार तिथे मात्र फोम नको. पायातून येणारी आटे पाडलेली सळई लाकडात उतरली पाहिजे आणि खालून नट-वॉशरने आवळली गेली पाहिजे. फोमवर उभा केलेला जड प्राणी पहिल्याच हलवाहलवीत डुलायला लागतो आणि त्याच्या पायाभोवती भेग पडते.

६. गोंद लावल्यावर वाळू ओली आणि काळपट दिसते. काय चुकतंय?

गोंद जास्त झालाय किंवा वरपर्यंत आलाय. दाण्यांमधल्या हवेमुळे कोरडी वाळू फिकी दिसते. त्या फटी गोंदाने भरल्या की ती कायमची ओली दिसणार.

दोन थरांत काम करा. पहिला थर घट्ट बसवायचा: कवचावर (प्रश्न ५) पीव्हीए म्हणजे लाकडाला लावतात तो पांढरा गोंद लावून वाळू चाळणीने पेरायची, सुकू द्यायची, सुटी झटकायची. दुसरा थर पातळ. त्यावर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा मारायचा आणि लगेच एक भाग गोंद, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब हे मिश्रण ड्रॉपरने थेंबथेंब सोडायचं. अल्कोहोलमुळे मिश्रण दाण्यांवर गोळा न होता खाली उतरतं. पूर्ण वाळलं की वरून अगदी थोडी सुकी वाळू मऊ ब्रशने फिरवा. ती खाचांत बसते आणि पृष्ठभागाला कोरडेपणा परत मिळतो. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे आसपास ज्योत किंवा ठिणगी नको आणि खिडक्या उघड्या हव्यात.

बेसवर हात घालण्याआधी त्याच वाळूचा आणि त्याच गोंदाचा तळहाताएवढा तुकडा करून दोन दिवस ठेवा. मी आजही हे केल्याशिवाय पुढे जात नाही.

७. वाळूवरच्या लहरी खऱ्या का वाटत नाहीत? कंगव्याने तर अगदी नीट केल्या होत्या.

नीट केल्या म्हणूनच. कंगव्याचे दात सारख्या अंतरावर असतात आणि प्रत्येक सरी दोन्ही बाजूंनी सारखी उतरते. वाऱ्याच्या लहरीची वाऱ्याकडची बाजू लांब आणि सौम्य असते, आडोशाची बाजू आखूड आणि उभी. दोन माथ्यांतलं अंतर बहुधा सात ते पंधरा सेंटिमीटर आणि उंची सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपण समजतो त्यापेक्षा लहरी कितीतरी बसक्या असतात. माथे वाऱ्याच्या दिशेला आडवे जातात, पण सरळ रेघेत जात नाहीत. कुठे दोन लहरी मिळून एक होते, कुठे एक मध्येच संपते आणि शेजारची तिची जागा घेते. अशा इंग्रजी वाय अक्षरासारख्या जोडण्या चार-पाच तरी दिसल्या पाहिजेत.

जाड दाणे लहरीच्या माथ्यावर जमतात, बारीक खोलगट भागात राहतात. चाळणीवर उरलेली भरड वाळू राखून ठेवायला सांगितली (प्रश्न ४) ती यासाठी. माथ्यांवर ती चिमटीने सोडा. दोन हात लांबून कुणाला ती दिसणार नाही, पण लहर एकदम जिवंत होते.

करायची पद्धत अशी: लहरींचा आकार वाळूत नाही, खालच्या लगद्यात द्या. लाकडाची गुळगुळीत पट्टी तिरपी धरून एकेक लहर ओढा, हात मुद्दाम थोडा थरथरू द्या. दगडाजवळ आणि झुडपाजवळ लहरी वळतात आणि विस्कटतात, अगदी बुडाशी नाहीशा होतात. आडोशाला वाळूची निमुळती शेपटी तयार होते, तिचं टोक वाऱ्याच्या बाणाच्या दिशेने (प्रश्न २).

टेकडीचा आडोशाकडचा उतार दाखवायचा असेल तर तो ३० ते ३४ अंशांपलीकडे नेऊ नका. कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही, घसरते. आणि त्या घसरणाऱ्या उतारावर वाऱ्याच्या लहरी काढू नका, तिथे खाली ओघळलेल्या वाळूच्या जिभा दिसतात.

८. माझा प्राणी वाळूवर ‘ठेवल्यासारखा’ दिसतो. त्यात रुतलेला का दिसत नाही?

देखावा कृत्रिम वाटण्याचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण. वजनाने जमीन दबली पाहिजे, त्यामुळे कवच करतानाच प्रत्येक पायाखाली उथळ खळगा सोडा.

एकदा ओल्या नसलेल्या बारीक वाळूत आपलीच चार बोटं टेकवून दाबा आणि नाक खाली नेऊन बघा. बोटांखालची वाळू नुसती खाली जात नाही, ती बाजूला सरकते. बोटांच्या पुढे आणि दोन बोटांच्या मधे छोटी कड उभी राहते, त्या कडेवरून काही दाणे परत आत ओघळतात आणि बोटाचा खालचा किनारा झाकतात. नखाच्या बुडाशी दाण्यांची एक ओळ अडकून राहते. माउंटच्या प्रत्येक पायाभोवती हेच करायचंय. पाय बसवून झाल्यावर वाळू-गोंदाचं घट्टसर मिश्रण बारीक कोरणीने बोटांमधे भरा आणि वर सुकी वाळू सोडा. ज्या पायावर भार जास्त, तो पाय जास्त खोल. उचललेल्या पायाखालीही नुकताच पडलेला ठसा हवा.

पायांची ठेवण प्राण्यागणिक वेगळी असते. उंटाचा रुंद मऊ तळवा पसरतो आणि फार रुतत नाही. अॅडॅक्सचे खूर रुंद असून फाकतात. फेनेक कोल्ह्याच्या तळव्यांवर केस असतात, त्याचे ठसे स्पष्ट न उमटता पुसट येतात. लहानखुऱ्या प्राण्याला खोल रुतवणं हीही तितकीच मोठी चूक आहे.

९. पावलांचे ठसे दाखवावेत का?

दाखवावेत, पण मोजके आणि त्या प्राण्याच्या चालीचे. मांजरकुळाच्या ठशात बहुधा नखं उमटत नाहीत, कुत्र्याच्या कुळात उमटतात. कोल्हा रमतगमत धावतो तेव्हा त्याचे ठसे जवळजवळ एका रेषेत पडतात. आडवा सरकणारा वाळवंटी साप सलग रेघ काढत नाही. त्याच्या खुणा एकमेकींपासून सुट्या, समांतर आणि तिरप्या असतात.

कोरड्या वाळूतल्या ठशाच्या कडा ढासळलेल्या असतात, रेखीव ठसा फक्त ओलसर वाळूत किंवा बारीक गाळात उमटतो. जुना ठसा वाऱ्याने अर्धा भरलेला दाखवा. एक ताजा आणि एक भरत आलेला, एवढ्यावर काळ सरकल्याचं कळतं.

१०. भेगाळलेली माती रंगाने काढू का?

नको. खऱ्या चिकणमातीलाच काम करू द्या. ती पाण्यात दाटसर कालवून ट्रेमध्ये ओता आणि सावलीत वाळवा. थर जाड तर तुकडे मोठे, थर पातळ तर लहान. मातीत गोंद घालू नका, तो भेगा पडू देत नाही. एकदाच वाळलेल्या मातीत भेगा बहुधा काटकोनात मिळतात. ओली-सुकी होण्याची पाळी अनेकदा येऊन गेलेल्या तळ्यात त्या १२० अंशांकडे झुकतात आणि षटकोनी जाळं दिसतं. जुन्या तळ्याचा तळ हवा असेल तर त्याच ट्रेवर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडून वाळवा.

वाळलेल्या तुकड्यांना अतिशय पातळ अॅक्रिलिक पाजून टणक करा आणि क्रम न बदलता बेसवर हलवा. भेगांच्या तळाशी वाऱ्याने आणलेली थोडी वाळू सोडायला विसरू नका.

११. दगड खरे ठेवू की बनावट?

लहान खडे खरे, मोठे खडक बनावट. खरा मोठा दगड बेस मोडतो. बनावट खडकासाठी खऱ्या खडकावर लॅटेक्सचे थर देऊन साचा घ्या, त्यात पीओपी किंवा फोमवर रेझिनचं कवच ओता. अनेक वाळवंटांत उघड्या खडकावर लोह आणि मँगनीजची गडद तकाकी चढलेली असते, ती आकाशाकडच्या बाजूला असते. मातीत गाडलेल्या भागाचा रंग वेगळा. म्हणजे दगड उलटा बसवला तर कळतं. आणि दगड टेकवायचा नाही, एक तृतीयांश तरी पुरायचा.

१२. खरी झुडपं आणि गवत वापरलं तर किडे होतील का?

हो, आणि ते झुडूप संपवून थांबणार नाहीत. केस, पिसं आणि कातडी खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या आणि कसरीच्या अळ्या अशाच वाटेने आत येतात. बाहेरून आणलेली प्रत्येक काडी, लाकूड, घरटं, हाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला निदान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर वस्तूवर दव धरतं. दिवसभर थांबून हेच पुन्हा एकदा करा.

वाळलेल्या गवताचा रंग कालांतराने उडतो, म्हणून अॅक्रिलिक रंगाचा पातळ हात द्या. पानं असलेल्या फांद्या एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाण्यात देठाने उभ्या ठेवल्या तर लवचीक राहतात, पण ग्लिसरीन ओल धरतं. दमट हवेत अशी पानं घाम आल्यासारखी चिकट होतात. वाळवंटी झुडपाला तशीही पानं थोडी, तेव्हा खऱ्या काटक्या आणि कागदाची किंवा पातळ कापडाची पानं हा मेळ मला जास्त भरवशाचा वाटतो.

झुडपं दाटीवाटीने लावू नका. पाण्यासाठी चढाओढ असते, त्यामुळे त्यांच्यात मोकळी जागा राहते. त्या मोकळ्या जागेनेच वाळवंट वाटतं.

१३. खरा निवडुंग वाळवून ठेवता येईल का?

गरदार खोड आक्रसतं आणि सडतं. सिलिकॉनच्या साच्यातून फोम किंवा रेझिनमध्ये ओतून घ्या आणि काटे नंतर एकेक करून, ठिपक्यांच्या ओळी धरून, छिद्रं पाडून बसवा. वेळखाऊ काम आहे, पण साच्यातच ओतलेले काटे लगेच ओळखू येतात. कॅक्टसच्या बहुतेक साऱ्या जाती ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत, तेव्हा जंगलातून उपटून आणणं किंवा देशांबाहेर नेणं हा कायद्याचा प्रश्न आहे. प्राण्याचे कागद जपता तसेच वनस्पतीचेही जपा. संरक्षित क्षेत्रातून वाळू-दगड उचलण्यालाही बहुतेक ठिकाणी मनाई असते.

१४. प्राण्याच्या अंगावर धूळ दाखवायची असेल तर?

खरी धूळ वापरू नका, ती केस कापते आणि पुन्हा निघत नाही. कोरडं रंगद्रव्य मऊ ब्रशने, बेसवरच्या वाळूच्याच छटेत, खालून वर विरत जाईल असं लावा: खुरांवर जास्त, गुडघ्यापर्यंत कमी, पोटाखाली नुसती झाक. प्राणी लोळून उठलाय असं दाखवायचं असेल तर एकाच कुशीवर. डोळे, ओठांची कड आणि कुत्र्या-मांजरांच्या नाकाचा शेंडा स्वच्छ आणि ओलसर हवा. भोवती सगळं कोरडं असताना नजर त्या ओलाव्यावर जाते आणि प्राणी जिवंत वाटतो.

१५. मागचं चित्र आणि पुढची वाळू यांच्यातला सांधा कसा लपवायचा?

टॅक्सीडर्मिस्ट कार्ल एकली यांनी १८९०मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या संग्रहालयात मस्करॅटचा (पाणथळीत राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचा) देखावा केला तेव्हापासून हा प्रश्न कारागिरांच्या मागे आहे. सांधा सपाट जमिनीवर येऊ देऊ नका. पुढची जमीन थोडी चढवत न्या आणि चढाच्या माथ्यामागे ती संपवा. चित्र त्या माथ्यामागून सुरू होऊ दे. म्हणजे मधली जमीन बघणारा मनातच भरून काढतो.

क्षितिज बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. मागची भिंत वळणदार आणि कोपरे नसलेली असावी. वळणावर सरळ क्षितिज वाकडं दिसतं. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतले चित्रकार जेम्स पेरी विल्सन आधी वास्तुरचनेच्या कामात होते. त्यांनी चौकटींची जाळी आखून ही वक्रता आधीच हिशेबात धरायची रीत बसवली. लहान देखाव्यात एवढं गणित लागत नाही. बघणाऱ्याच्या जागी उभं राहून लेझरच्या रेषेने क्षितिज आखून घेतलं तरी चालतं.

वाळवंटी आकाश डोक्यावर गडद आणि क्षितिजाजवळ फिकट, धुळीने किंचित पिवळसर. दूरच्या टेकड्यांचा रंग आणि तपशील दोन्ही कमी करा.

१६. केसांना जास्त उजेड सोसत नाही म्हणतात. मग रखरखीत ऊन दाखवायचं कसं?

केस, पिसं आणि रंगवलेली कातडी यांच्यासाठी संग्रहालयं साधारण ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मर्यादा पाळतात. ऊन वाटतं ते उजेडाच्या प्रमाणामुळे नाही, सावलीच्या धारेमुळे. एकच मुख्य दिवा, लहान तोंडाचा, एका बाजूने, म्हणजे सावली काटेकोर पडते. दुसरा अगदी मंद आणि निळसर, सावलीत आकाशाचा उजेड दिसावा म्हणून. भोवतालची खोली अंधारी ठेवा. तिथे सरावलेल्या डोळ्यांना ५० लक्स लख्ख वाटतात. अतिनील किरण न सोडणारे एलईडी घ्या आणि कुणी समोर आल्यावरच लागतील असा सेन्सर बसवा, कारण नुकसान उजेड आणि वेळ दोन्हींच्या गुणाकाराने होतं. चित्रातल्या टेकड्यांच्या सावल्याही याच मुख्य दिव्याच्या बाजूने रंगवलेल्या हव्यात.

१७. काम संपल्यावर काचेची पेटी लगेच बंद करू का?

थांबा, निदान तीन-चार आठवडे. गोंद, रंग, रेझिन, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले फळे) यांतून निघणारी वाफ बंद पेटीत कोंडली की काचेवर धुकं धरते आणि धातू खराब होतो. पीओपीतलं पाणीही वाटतं त्याहून सावकाश निघतं. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली पाहिजे. देखावा वाळवंटाचा असला तरी कातडीला वाळवंटाची हवा मानवत नाही, शिवण उकलते.

१८. कोपऱ्यात बैलाची कवटी ठेवली तर छान दिसेल ना?

ती इतक्यांनी ठेवली आहे की नजर तिच्याकडे आधी जाते आणि प्राण्याकडे नंतर. त्याऐवजी तिथे खरोखर घडणारं काही दाखवा: भुंग्याची पावलं, उंदराच्या बिळाचं तोंड आणि बाहेर ओढलेली माती, वाळलेली लीद, झुडपात अडकलेलं पीस.

१९. हिवाळ्यातलं किंवा पाऊस पडून गेल्यावरचं वाळवंट दाखवता येईल?

जरूर, आणि असे देखावे फार कमी होतात. फक्त अंगावरची लोकर ऋतूशी जुळली पाहिजे. गोबीत हिवाळ्यात तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरतं. तिथला दोन वशिंडांचा उंट दाट लोकरीत असेल तर दगडांच्या सावलीत बर्फाचा ओघळ शोभतो, लोकर गळत असेल तर तो वसंत झाला. अॅडॅक्स हिवाळ्यात करडा-तपकिरी असतो आणि उन्हाळ्यात जवळजवळ पांढरा. करड्या अॅडॅक्सभोवती तळपता उन्हाळा उभा केलात तर दोन ऋतू एकाच पेटीत आले.

पावसानंतरच्या देखाव्यात वाऱ्याच्या लहरी पुसलेल्या असतात. त्यांच्या जागी थेंबांचे खळगे, पाण्याने ओढलेले बारीक ओहळ, खोलगट जागी गाळाची साय आणि काही दिवसांनी फुटलेले हिरवे कोंब. प्रश्न १०मधली पद्धत इथे कामाला येते.

२०. माउंट अगदी लहान आहे, सरडा किंवा चंडोलासारखा पक्षी. नियम तेच का?

नियम तेच, पण आकार लहान करू नका. देखावा एकास एक मापाचाच असतो. सरड्याच्या बेसवर दोन लहरी मावत असतील तर दोनच. छोट्या छोट्या आठ लहरी काढल्या तर सरडा मगरीएवढा वाटायला लागतो. इतक्या जवळून बघताना दाणादाणा दिसतो, म्हणून गोंद कमीत कमी.

२१. तोंडाला मास्क लावायची खरंच गरज आहे? वाळूच तर आहे.

आहे. चाळताना आणि घासताना उडणारी बारीक सिलिका फुफ्फुसात जाऊन बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा आजार बरा होत नाही. साधं फडकं पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. पीयू फोम ओततानाची वाफही घातक आहे.

२२. जुना देखावा हाती आलाय. प्राणी काढून नवीन वाळू घालू का?

आधी हात आवरा. जुन्या माउंटमध्ये किडींपासून बचाव म्हणून आर्सेनिकचा साबण सर्रास वापरत. १९८०च्या आधीचा माउंट विषारी आहे असं धरूनच चाला: हातमोजे, मास्क, आणि तपासणी होईपर्यंत झटकणं-फुंकणं बंद. बेसवरच्या वाळूतही ते विष झडलेलं असू शकतं.

दुसरं कारण असं की आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. पॅरिसच्या १८६७च्या प्रदर्शनासाठी मेझाँ व्हेरो या कार्यशाळेने उंटस्वारावर झडप घालणाऱ्या सिंहांचा प्रसिद्ध देखावा केला होता, तो आता पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाकडे आहे. दुरुस्तीच्या वेळी सीटी स्कॅन केलं तेव्हा स्वाराच्या डोक्यात खरी मानवी कवटी निघाली, हे २०१७मध्ये जाहीर झालं. दीडशे वर्षं लोक त्याच्यासमोर उभे राहत होते.

म्हणून आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग शक्य असेल तर एक्स-रे, मग जुन्या वाळूचा आणि रंगाचा नमुना बाटलीत भरून त्यावर तारीख. नव्या कामाचंही तसंच करा: वापरलेल्या वाळूची एक बरणी, गोंदाचं प्रमाण आणि वाऱ्याच्या बाणाची (प्रश्न २) दिशा लिहिलेला कागद बेसच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढे कधी पायाजवळची वाळू झडली, तर दुरुस्त करणाऱ्याला तीच छटा आणि तोच वारा सापडेल.